तीन उसांचा टेकू

सणसरच्या जत्रेत फुगे फोडायच्या दुकानासमोर मी दहाचे दहा छर्रे वाया घालवले होते आणि जाम चिडलो होतो. तेवढ्यात पागोटं बांधलेला एक म्हातारा पुढं आला. त्यानं बंदूक उचलली, तर त्याचे हात थरथरायला लागले. लोक हसले. दुकानदार घाबरून म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या. कुणाला तरी लागंल."

"हात हालत्यात, डोळा न्हाय हालत," म्हातारा म्हणाला.

शेजारच्या रसवंतीवरून त्यानं तीन ऊस मागून आणले. डोक्याचं पागोटं सोडून त्याच कापडानं ते ऊस वरच्या बाजूला आवळून बांधले, खालचे पाय फाकवून मातीत रोवले आणि वरच्या बेचक्यात बंदूक ठेवली.

"मेंढरामागं हिंडायचो तवा अशाच तीन काठ्यांवर भांडं टांगायचो."

मग तो पुढं रेलला आणि त्यानं सावकाश श्वास सोडला. फट्! लाल फुगा गेला. फट्! पिवळा गेला. चौथ्याला मी शिट्टी मारली. सातव्याला दुकानदारच ओरडला, "हाणा, आबा!" दहाव्यानंतर फळीवर नुसते दोरे लोंबत होते.

"कसं जमलं हो?" मी विचारलं.

"हाताशी भांडायचं न्हाय. त्याला टेकू द्यायचा."

त्यानं पागोटं पुन्हा बांधलं, एक ऊस गुडघ्यावर मोडला आणि माझ्यापुढं धरला. "मला दात न्हाईत. तुमी खावा."

त्याचा हात परत थरथरत होता. मी खालून माझ्या हाताचा टेकू दिला आणि मग ऊस घेतला.