खालच्या रॅकची कोथिंबीर

डॉ. एव्हरेट यांनी गिनीपिगचा ओठ बोटानं वर केला आणि तशाच थांबल्या. हिरडीतून रक्त येत होतं. जनावर माझ्या हातात होतं. ग्लोव्ह घातले होते, पण पातळ, भांडी घासायच्या लायकीचे.

"खाली ठेव," बाई म्हणाल्या. "आणि आता कशालाही हात लावू नकोस."

मी शिकलेला माणूस नाही. नववीत शाळा सुटली. बायको शकुंतला नर्स म्हणून अमेरिकेत आली, तिच्या मागून मी आलो. ऐंशी सालानंतर पेनसिल्व्हेनियातल्या एका लॅबमध्ये मला अ‍ॅनिमल केअरटेकरची नोकरी मिळाली. नाव मोठं, काम लेंड्या काढायचं.

तिथे इबोलावर लस बनवत होते. इबोला म्हणजे आफ्रिकेतला जीवघेणा ताप. शेवटी शेवटी अंगातून रक्त जायला लागतं. लस अशी बनवायची, की व्हायरस वाढवायचा, ठार मारायचा आणि त्याचं मढं टोचायचं. मढं बघून शरीर शत्रूचा चेहरा लक्षात ठेवतं. माझ्या खोलीत वरच्या रॅकवर लस टोचलेले गिनीपिग होते. खालच्या रॅकवर न टोचलेले, त्यांना कंट्रोल म्हणायचे. महिन्याने दोघांनाही पलीकडच्या बंद इमारतीत नेऊन खरा व्हायरस द्यायचा. वरचे जगले आणि खालचे मेले, की लस चांगली.

आणि आता लस टोचलेल्यांच्याच तोंडातून रक्त येत होतं. कंट्रोल मात्र गुबगुबीत. याचा अर्थ कळायला दहावी पास व्हायला नको. मढं मेलेलंच नव्हतं. आणि तीन आठवडे मी त्या जनावरांना रोज उचलत होतो.

खोलीला कुलूप लागलं. बाई, मी आणि सुपरवायझर रॉय, तिघांना मागच्या विश्रांतीच्या खोलीत बसवलं आणि एकेक थर्मामीटर हातात दिला. रॉयनं बायबल मागवलं. मी चहा मागितला. दोन्ही आलं नाही.

बाईंनी निर्णय सांगितला. उद्या सकाळी सगळी जनावरं मारायची. दोन वर्षं खपून बनवलेली सगळी लस ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये, शिजवून टाकायची. काम बंद. हे सांगताना त्यांचा आवाज सरळ होता, पण थर्मामीटर उलटा धरला होता.

भिंतीवर फोन होता. मी घरी लावला. शकू रडली नाही. वॉर्डातल्यासारखे प्रश्न विचारत गेली. मला ताप आहे का? नाही. गिनीपिगना आहे का? बाईंनी मोजला, नाही. सांधे सुजलेत का? सुजलेत, उचललं की ओरडतात.

"आणि खालचे?"

"मजेत आहेत."

"ते वेगळं काय खातात?"

मी रॉयकडे पाठ केली.

"अहो, माझ्या कोथिंबिरीच्या काड्या रोज कुठे जातात?"

आमच्या गावात इंडियन दुकान नव्हतं. शकू परसात धणे पेरायची. उन्हाळ्यात रोपं फुलावर येतात, काड्या जून होतात, चटणीला चालत नाहीत. त्या मी खिशात घालून न्यायचो आणि खालच्या रॅकला वाटायचो. नियम होता, दाबलेल्या गोळ्यांच्या खाण्याशिवाय काही द्यायचं नाही. पण वरच्यांना निदान लस होती. खालचे महिन्याने मरणारच होते. फाशीच्या कैद्यालासुद्धा विचारतात, बाबा काय खाणार.

शकूनं मग समजावलं. गिनीपिगचं आपल्यासारखंच असतं. क जीवनसत्त्व त्याच्या अंगात तयार होत नाही, खाण्यातून मिळावं लागतं. खाणं जुनं झालं की ते जीवनसत्त्व उडून जातं. मग हिरड्यांतून रक्त, सांधे सुजणं. स्कर्व्ही म्हणतात. "गोणीवर तारीख असेल, बघा."

रिकाम्या गोण्या लॅब फेकून द्यायची. पण धडधाकट गोणी माझ्याच्यानं टाकवत नाही. त्याच महिन्यातल्या दोन मी परसातली वाळकी पानं भरायला घरी आणल्या होत्या. शकू गॅरेजमध्ये गेली, परत येऊन तारीख वाचली. माल सात महिन्यांपूर्वीचा. खाली छापलेलं, तीन महिन्यांत संपवा.

"सांगितलं तर माझी नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. नाहीतर त्या बाई मेलेल्या व्हायरसलाच पुन्हा मारत बसतील."

मी फोन ठेवला आणि बाईंना सगळं सांगितलं.

"तू माझ्या कंट्रोलना खायला घातलंस?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी एक शिवी दिली. मला वाटलं मला. पण त्या रॉयकडे बघत होत्या. कोठार त्याच्याकडे होतं आणि आधी जुना माल संपवा, हे त्यानंच सांगितलं होतं.

जनावरं मारणं थांबलं. वरच्या रॅकमधल्या निम्म्यांना क जीवनसत्त्वाचे थेंब दिले. आठवड्याच्या आत ते चालायला लागले, उरलेले निम्मे तसेच कण्हत होते. लस तपासली. व्हायरस मेलेलाच होता, अगदी नीट. आम्हा तिघांना घरी सोडलं. प्रयोग मात्र बाद झाला, पहिल्यापासून पुन्हा करावा लागला.

नोकरी गेली नाही. लेखी ताकीद मिळाली आणि बदली उंदरांच्या खोलीत झाली. उंदरांच्या अंगात क जीवनसत्त्व आपोआप तयार होतं. बाईंनी विचार करूनच बदली केली होती.

दुसऱ्या वेळी लस टोचलेले बरेच गिनीपिग जगले. बाईंनी मला बोलावून दाखवले. मग लस माकडांवर करून पाहिली, तिथे ती आपटली. दोन वर्षांनी काम बंद झालं. इबोलाची चालणारी लस पुढे कितीतरी वर्षांनी आली, तीही वेगळ्या पद्धतीची, दुसऱ्याच लोकांची.

बाईंच्या रिपोर्टात एक ओळ होती, की खाण्यातला दोष स्टाफच्या लक्षात आला. माझं नाव नव्हतं, बरंच झालं. पण तो स्टाफ म्हणजे माझी बायको होती आणि तिनं त्या लॅबचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. तिचं नाव यायला हवं होतं. तेव्हा मी मागितलं नाही. शकू गेल्या वर्षी गेली.

जनावर असो की माणूस, आजारी पडलं तर आधी ताटात काय आहे ते बघा. आणि नर्सशी लग्न केलं असेल तर तिला लवकर फोन करा.