विकत घेतलेली फ्रेम

"मागल्या दारानं ये," वकीलसाहेबांच्या बाई म्हणाल्या.

मी पुढच्या फाटकाशी उभी होते. हातात रुमालात बांधलेले पैसे. माझे. मागायला आले नव्हते, विकत घ्यायला आले होते. तरी मागल्या दारानं.

मागं नालीच्या कडेनं बोळ होता. त्यातून आत गेले तर मोरीवर माझी माय बसली होती. भांडी घासत. कित्येक वर्षं ती त्या घरची भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. मीही हाक मारली नाही. त्या आवारात आम्ही एकमेकींच्या कोणी नव्हतो.

फ्रेम गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवली होती. वकीलसाहेब चंद्रपुरातल्या एका सायकल क्लबचे सेक्रेटरी. त्यांच्या मुलाची ती शर्यतीची सायकल. मुलगा नागपूरला शिकायला गेला. चाकं, सीट, हँडल एकेकानं काढून नेलं. उरली फ्रेम. निळा रंग उडालेला, खाली गंज. भंगारवाल्याला देणार आहेत, हे मला मायनंच घरी सांगितलं होतं.

मी तेव्हा अकरावीत. सायकल मी रशीदभाईच्या दुकानातून तासाच्या भाड्यानं घेऊन शिकले होते. सायकलवर असताना मला कोणी बाजूला सर म्हणत नसे. म्हणून आवडायची. आणि सव्वीस जानेवारीला मुलींचीही शर्यत होणार, असं कॉलेजच्या फळ्यावर लिहिलं होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात मावशीच्या गावी, सिंदेवाहीकडच्या जंगलात मी विडीसाठीचा तेंदूपत्ता तोडला होता. अंधार असतानाच रानात जायचं, दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसाला मोजून द्यायचे. बोटांना भेगा पडल्या होत्या. रुमालात होतं ते त्या भेगांचं होतं.

वकीलसाहेब ओसरीवर आले. भंगारवाल्याच्या वर भाव सांगितला. मी घासाघीस केली नाही. पैसे पुढं केले.

"तिथं ठेव. पायरीवर."

ठेवले.

"पावती देता का साहेब?"

जुनी फ्रेम खांद्यावर घेऊन निघालं की पोलिस अडवतात, कागद मागतात, असं रशीदभाईनं सांगितलं होतं. म्हणून विचारलं.

साहेब हसले. मनापासून हसले. "पावती? अगं, तुझी माय आहे न इथं. तीच तुझी पावती."

मोरीवरचा घासण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

रशीदभाईनं जुनी चाकं शोधली. हँडल दुसऱ्या कुठल्या सायकलचं. पैसे संपले आणि फ्रीव्हील घ्यायचं राहिलं. "फिक्स लगा देता हूँ बेटी," तो म्हणाला. "चक्का घूमेगा तब तक पैडल घूमेगा. पैर रोकना मत. फेंक देगी."

तिनं मला फेकलं. दोनदा कोपर फुटलं. मग पाय शिकले.

मूल रोडनं लोहाऱ्याकडं जायची मी. उजाडताना. दोन्ही बाजूंना साग. वाळलेली पानं चाकाखाली पापडासारखी मोडायची. शर्यतीच्या बाकीच्या मुली जोडीजोडीनं यायच्या, कोणाचा भाऊ स्कूटरवर मागं असायचा. मला पाहून त्या बोलणं थांबवायच्या. मी पुढं गेले की पुन्हा बोलायच्या. आमच्या बस्तीतल्या मुली म्हणायच्या, "पागल झाली का वं? पोट्टी असून सायकल दामटून राह्यली." माय कामावर. घरी दुसरं कोणी नाही. बाप मी लहान असतानाच गेला. दिवसचे दिवस असे जायचे की माझा आवाज मला चढावर दम लागला तेव्हाच ऐकू यायचा.

सव्वीस जानेवारी. मैदानावर मंडप. झेंडा झाला. आम्ही पाच मुली रेषेवर. पाठीला टाचणीनं नंबर लावलेले. मंडपामागं माय कपबशा धूत होती. साहेबांनी घरूनच आणलं होतं तिला.

साहेब माईकवर आले.

"मित्रहो, खेळ गरिबांपर्यंत पोचला पाहिजे. आपल्यात अशी एक मुलगी आहे, जिची आई लोकांकडे भांडी घासते. क्लबनं तिला ही शर्यतीची सायकल भेट दिली आहे."

मला वाटलं, दुसऱ्या कोणाबद्दल बोलून राह्यले. मी इकडंतिकडं पाहिलं. टाळ्या वाजल्या. एक माणूस आला आणि माझ्या हँडलला झेंडूचा हार घालून गेला. तेव्हा समजलं.

मला हात धरून माईकपाशी नेलं. सायकल माझ्या एका हातात. हँडलचं दुसरं टोक साहेबांनी धरलं. फोटोग्राफर म्हणाला, "पाया पड साहेबांच्या. इकडं पाहून."

"मी विकत घेतली," मी म्हणाले.

आवाज फुटलाच नाही. पुन्हा म्हणाले. "मी विकत घेतली. पैसे देल्ले मी."

माईक जवळ होता. सगळ्या मैदानानं ऐकलं. टाळ्या बंद.

साहेब हसले. फ्रेम देताना हसले होते तसेच. "लहान आहे, घाबरली. हिच्या आईलाच विचारू."

मायला बोलावलं. पदराला हात पुसत आली. ओले हात. साहेबांनी माईक तिच्या तोंडापाशी धरला.

"सांगा बाई. सायकल कोणी दिली?"

माय माईककडं पाहत होती. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

"तुमीच देल्ली साहेब."

मैदान टाळ्यांनी फुटलं. आधीपेक्षा जास्त.

मी थंड झाले. राग नव्हता आला अजून. एवढी माणसं, आणि त्यातलं एक माणूस माझं होतं. तेही गेलं.

साहेबांनी माईक बाजूला केला. हळूच म्हणाले, "वाक आता. नाही तर नंबर काढून घेतो."

नंबर मीच काढला. पाठीमागं हात नेऊन ओढला, कुडता फाटला. हार काढून टेबलावर ठेवला, साहेबांच्या चष्म्याच्या डबीशेजारी. म्हणाले, "माझ्या पैशाची हाय. पाया पडत नाई."

सायकल ओढून घेतली. टांग टाकली. मागून कोणीतरी म्हणालं, "यायले माज आला." कोणीतरी हसलं. शर्यतीची शिट्टी वाजली तेव्हा मी इरईच्या पुलाकडं वळले होते. रडले नाही असं सांगितलं तर खोटं होईल. नदीकाठी दुपारपर्यंत बसून होते. तिथंही कोणी आलं नाही.

संध्याकाळी माय आली. चुलीपुढं बसली. मी विचारलं, "पायरीवर पैसे ठेवताना तू पाह्यलं होतं न?"

"पाह्यलं."

"मंग काऊन म्हटलं तसं?"

"नाई म्हटलं असतं तर उद्या या चुलीवर काय शिजवलं असतं?"

त्या रात्री दोघीही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर गेली आणि लगेच परत आली. बाईंनी मागल्या दारातूनच सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको, तुझ्या पोरीनं साहेबांची इज्जत घालवली. माय खोटं बोलली ते काम टिकावं म्हणून. खोटंही वाया गेलं, कामही गेलं. ती दिवसभर उंबऱ्यात बसून होती. नंतर ती रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जाऊ लागली. माईकवरचं ते एक वाक्य आमच्या दोघींच्या मधे राहून गेलं. ती त्याच्या पलीकडं, मी अलीकडं.

बस्तीतले वडीलधारे मला समजवायला आले. "थोडं वाकली असती तर काय गेलं असतं तुह्यं? मायचा घास गेला." घरात घरचेच नाहीत, बस्तीत बस्तीचे नाहीत. असं झालं.

माझ्या आजोबांनी छप्पनला बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरानं दारोदार भाकर मागणं सोडलं. उपाशी निजले, मागितली नाही. आणि त्याच घरातली मी, राबून आणलेली वस्तू मागून आणलेली ठरली. फार दिवस मी या गोष्टीपाशी अडून बसले होते. मग दिसलं. फ्रेम गेली, पैसे आले, याचं त्या माणसाला काही नव्हतं. त्याला देणारा व्हायचं होतं. आम्ही घेणं बंद केलं तर आमच्या विकत घेतलेल्याला तो दिलेलं म्हणेल. आणि ते आमच्याच तोंडून वदवून घेईल, आमच्या मायच्या तोंडून.

पुढं क्लबचा एक माणूस घरी आला. नागपूरच्या शर्यतीसाठी मुली पाहिजे होत्या. नवी सायकल मिळेल म्हणाला. "फक्त साहेबांना एकदा भेटून घे." मी नाही गेले. शर्यत मी त्यानंतर कधीच केली नाही. पायांत दम होता माझ्या. ते दुःख आहे, अजून आहे.

डी.एड. केलं. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीकडच्या एका शाळेत लागले. पहिल्याच महिन्यात मधल्या सुट्टीत एक जुने गुरुजी चहा पिता पिता म्हणाले, "तुमचं बरं हाय बाई. तुमाले सरकार देते." सगळे हसले. चांगल्या मनाची माणसं होती ती.

मी कप खाली ठेवला. "मले कोणी देल्लं नाई गुरुजी. मी शिकली, परीक्षा देल्ली, पास झाली. तुमी झाले तशीच."

त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. डबा मी वर्गात बसून खाते. समोर रिकामे बाक. शिवरात्रीच्या दिवसांत खिडकीतून मार्कंड्याच्या जत्रेला जाणाऱ्या बैलगाड्या दिसतात. त्यांतल्या बाया एकमेकींना काही सांगत हसत असतात.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मायला म्हणाले, "यापुढं कोणी तुले माह्याबद्दल विचारलं, तर सांगजो, मले मालूम नाई, तिलेच विचारा."

तिनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "बरं."

मी एकटी आहे. एकटीच राहिले तरी चालेल. पण माझ्या कष्टाला कोणी दान म्हटलं, की मी तिथंच उभी राहीन. जिथं म्हटलं तिथं, ज्यांच्यासमोर म्हटलं त्यांच्यासमोर. आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी बोलीन.