मालतीबाईंनी सोडलेला सांधा

हुबळीच्या केशवापुरातल्या मालतीबाईंच्या घरची मोरी तुंबली, आणि घरातलं पहिलं बोट त्यांच्याकडेच वळलं. तसं वळायला त्या बोटाला मोरीचंही निमित्त लागत नसे म्हणा. दूध उतू गेलं तरी वळायचंच. इथं तर पाणीच उलटं वर आलेलं!

"आई, चहाचा चोथा मोरीत टाकता ना तुम्ही?" सून दीपश्री म्हणाली. "आणि काथ्यानं भांडी घासता, तो सगळा नळात जातो."

मालतीबाईंनी उभ्या जन्मात चोथा मोरीत टाकला नव्हता, तो गुलाबाला जायचा. पण त्या म्हणाल्या, "टाकते खरी. चुकलं बाई."

का म्हणाल्या? तर पाणी कशानं अडलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुलगा सुधींद्र झाला तेव्हा त्याच्या बारशाला मालतीबाईंच्या वडिलांनी अळणावराहून कोंब आलेला नारळ आणला, मागच्या अंगणात लावला. त्या काळी हुबळीत नळाला पाणी कधी येणार ते त्या नळालाच माहीत. पोराच्या अंघोळीला पुरेना, तर झाडाला कुठून घालणार? त्याच वेळी मोरीचा नळ जमिनीखालून घालत होते. मालतीबाईंनी गवंड्याला हळूच सांगितलं, "अण्णा, झाडापाशी एक सांधा सिमेंट न भरता सोडा. पोराच्या अंघोळीचं पाणी पोराच्या झाडाला मिळू दे." गवंडी हसला, पण सोडला त्यानं. त्या पाण्यावर झाड असं माजलं, की गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची ओटी त्याच्याच नारळानं भरली.

आता त्या सांध्यातून मुळं आत शिरली असणार, हे कळायला शाळा लागत नाही. पण बोलायची चोरी. सुधींद्रला गाडी घ्यायची होती, आणि ती उभी करायला जागा काय ती अंगणातच. दिवाळीपासून तो टेप घेऊन अंगणात वाकायचा, आणि ती टेप दर वेळी झाडालाच अडायची. मुळांचं कळलं असतं तर त्याला आयतंच कारण मिळालं असतं.

म्हणून मालतीबाई गप्प राहिल्या. सुनेनं त्यांची अंघोळ मागच्या धोंड्यावर काढली. ऐन थंडीत जुन्या लुगड्याचा आडोसा करून त्या बसायच्या. वर झाड, खाली त्या.

शेवटी मंजुनाथ आला, नळ साफ करणारा. बांबूची लांब कामटी आत सारली, ती मध्येच अडली. त्यानं फावडं उचललं.

"अरे, तिकडं खण की, फाटकाजवळ," मालतीबाई म्हणाल्या.

"अज्जी, ओल इकडं आलीय. तिकडं काय पुरून ठेवलंय तुम्ही, सोनं?"

मातीखालचा सांधा उघडला आणि मंजुनाथनं आतून ओढून काढला मुळांचा झुपका. गंगावनासारखा, संपता संपेना.

"अय्या, चोथा नव्हताच की!" दीपश्री म्हणाली, आणि आत निघून गेली.

मंजुनाथनं मुळं छाटली, सांधा सिमेंटनं पक्का केला. मोरीत बादली ओतली, तर पाणी गडगडत गेलं. "झाडाला हात लावू नका, साहेब. आता काही होत नाही," तो म्हणाला.

सुधींद्र झाडाकडेच बघत होता. "नको. परत शिरली म्हणजे? झाडच काढू."

"सुधी, तुझ्या बारशाचं आहे रे ते."

"म्हणून काय गळ्यात बांधून फिरू? आणि फाटकाजवळ खण म्हणालीस, म्हणजे तुला ठाऊक होतं. मग आधी का नाही सांगितलंस? उगीच चोथा, चोथा करत बसलीस."

"तूच हे म्हणशील म्हणून," मालतीबाई म्हणाल्या.

तोडणारे आले, दोर बांधून झाड तुकड्यातुकड्यानं उतरवलं. नारळ गल्लीत वाटले. दीपश्रीनं सगळ्यांना सांगितलं, आमच्या आईंनी वाढवलेलं हो झाड! सुधींद्रनं एक शहाळं फोडलं आणि आईपुढं धरलं.

"पी ना. आपल्या झाडाचं आहे."

"आपलं नव्हे, तुझं," मालतीबाई म्हणाल्या. "तूच पी."

त्यानं तिथंच बुंध्यावर बसून सगळं पाणी संपवलं. मनगटानं तोंड पुसलं.

"गोड आहे की गं," म्हणाला, आणि खिशातून टेप काढली.