राजूच्या मोबाइलवरून म्या देल्लेलं मत

ऐका बे सगळे, आज हसाले काही नाही.

काल या ग्रुपवर मीच मतदान टाकलं होतं. कबड्डीत मोठा रेडर कोण, मातीवर खेळणारा नामदेव काका का आताचा मॅटवाला पप्पू?

काका म्हणे, "आम्ही एका दमात चार गडी मारून येत होतो. पप्पूले तर बूट लागते."

पप्पू म्हणे, "काका, तुमच्या टायमाले पकडणारे तरी होते काय?"

लय मजा येऊन राहिली होती. मंग माह्या डोक्यात किडा वळवळला. काकाचा पोरगा राजू पानठेल्यावर मोबाइल उघडाच ठेवून हात धुवाले गेला, अन् म्या त्याच्या मोबाइलवरून पप्पूले मत देल्लं.

आज सकाळी काका मैदानावर आलाच नाही. रोज पोरांले फुकट शिकवते तो. म्हणून मी घरी गेलो. काका खाटेवर बसून मत देणाऱ्यांचे नावं पाहून राहिला होता.

"पप्पू मोठा असन बाबू. पण राजूनं माहा खेळ पाह्यला आहे. तरी त्यानं पप्पूलेच देल्लं."

राजू दारातून ओरडला, "बाबा, आईची शपथ, म्या नाही देल्लं!"

"खोटं नको बोलू. नाव आहे तुयं."

मी तिथंच होतो. चहा पेलो अन् निघून आलो.

काका, राजू खरं बोलून राहिला. त्याच्याशी बोला, मले मंग मारा.

अन् तुम्ही सांगा बे, तिथं माह्यं तोंड काहून नाही उघडलं?