दीपाच्या पायांनी शिवलेलं झबलं

भुतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असणार कसा? अंबरनाथच्या बुवापाड्यात ज्या दोन भुतांची मध्यंतरी फार चर्चा झाली, ती दोन्ही मीच तयार केलेली. एक चादरीतलं, एक नुसत्या आवाजाचं. आवाजवालं जास्त चाललं. त्यामुळे या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव वाचताना मी चहाचा घोट घेत मनातल्या मनात मार्क देत असतो... याचा सूर लागला, त्याने शेवटी घाई केली. आज मार्क तुम्ही द्या. फक्त आधीच सांगतो — यात चादर नाही.

उल्हासनगर कॅम्प दोनला माझं चेन, बटणं आणि दोऱ्याचं दुकान आहे. घर बुवापाड्यात, दोन खोल्यांचं. बायको सुरेखा बाहेरच्या खोलीत ब्लाउज शिवते. तिची मशीन जुनी, पायाने चालवायची. मोटर बसवली तेव्हा पट्टा काढून टाकला. खालचं लोखंडी पायडल मात्र तसंच राहिलं, नुसतं लोंबकळत.

गेल्या वर्षी माझी भाची दीपा बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. तिची आई, म्हणजे माझी ताई, आता नाही. तेव्हा माहेर म्हणजे आम्हीच. सासर बदलापूरजवळ जांभूळला, नवरा महेश कंपनीत शिफ्टला. आधीच्या खेपेला सहाव्या महिन्यात तिचा मुलगा गेला होता. जन्मला तोच गेलेला. या खेपेला सातवा लागला होता आणि घरात आम्ही सगळे जपून पावलं टाकत होतो.

सुरेखाचा एक नियम आहे. बाळ हातात येईपर्यंत त्याच्या नावाने एक टाकासुद्धा घालायचा नाही. आल्यावर पहिलं घालायचं ते जुन्या कापडाचं. मी बटणवाला माणूस, हौसेने बदकांच्या आकाराची बटणं घेऊन आलो, तर तिने मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. बटणं खिशात, मी जिन्यात.

मग दीपाचे पाय सुरू झाले.

दिवे लागायची वेळ झाली की सुरू. बसलेली असली की उठायची, उठली की चालायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी विचारलं, मुंग्या येतात का, दुखतं का. म्हणाली, "दुखत नाही रे मामा. पायात सोडा ओतून वरून बूच मारल्यासारखं होतं." चाललं की बरं वाटे, टेकलं की पुन्हा तेच. मी तिला आमच्या चाळीची वॉचमन म्हणायला लागलो. पहिल्या आठवड्यात ती हसायची. नंतर हसेनाशी झाली, डोळ्यांखाली काळं धरलं आणि बीपी चढायला लागलं.

डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात, गरोदरपणात पुष्कळ जणींना होतं, रक्तात लोह कमी आहे, गोळ्या वाढवू, बाळंतपणानंतर आपोआप जाईल. पण झोप हवीच. बीपी असंच राहिलं तर अ‍ॅडमिट करून मूल वेळेआधी काढावं लागेल. "वेळेआधी" हा शब्द ऐकून दीपाने माझं मनगट धरलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही.

एका संध्याकाळी चालून चालून दमली आणि सुरेखाच्या स्टुलावर बसली. पाय आपोआप त्या लोंबकळत्या पायडलवर गेले. कटक-कटक, कटक-कटक... आणि पोरीचा चेहरा सैल पडला. मान मागे भिंतीला टेकली. आम्हाला कोण आनंद. रोज दिवे लागले की तिला तिथे बसवायचं, अर्धा-पाऊण तास पायडल मारायचं, मग ती शांत झोपायची. दुकानाचं शटर लवकर ओढून मी हे बघायला घरी यायला लागलो. फुकटचा खेळ.

आता माझी एक सवय सांगतो. आयुष्य मशीनवाल्यांत गेलं, त्यामुळे भिंतीपलीकडून आवाज आला तरी मला कळतं — ही पॅन्टची लांब शिवण, हा खिसा, इथे कोपरा वळला. चौथ्या-पाचव्या दिवशी दीपाच्या पायांचा आवाज ऐकताना मला जाणवलं, की हे उगाच हलणं नाही. छोटी धाव, थांबा. अगदी छोटी, थांबा. मग जरा लांब. मग पुन्हा पहिल्यापासून. रोज तेच. पोरीला साधं बटण लावता येत नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन सुरेखाला म्हटलं, जरा ऐक. तिने गॅस बंद केला. ऐकत उभी राहिली आणि हातातली पळी हळूच ओट्यावर ठेवली.

"खांदा," ती म्हणाली. "आता काख... आता बाजू. अहो, हे झबलं आहे."

त्याच संध्याकाळी तिने मशीन गॅलरीत ढकलली आणि वर गोधडी टाकली. पुढचे दोन दिवस फार वाईट गेले. दीपा भिंतीला धरून चालत राही, उभ्या उभ्या डुलकी घेई, पडता पडता सावरे. बीपी पुन्हा चढलं. मॅडम म्हणाल्या, उद्या उतरलं नाही तर दाखल करा. महेशला शिफ्टवरून बोलावून घेतलं.

सुरेखा माझ्यासमोर रडली. "मशीन दिली तर अपशकुन, नाही दिली तर तिचे हाल. मी काय करू ते तरी सांगा."

मी म्हणालो, "आमच्या लाइनीत अर्धा पीस मशीनवर ठेवून कोणी घरी जात नाही. ज्याला शिवायचंय त्याला एकदा शिवून होऊ दे. नवं कापड नको, तुझी जुनी साडी दे."

मशीन आत आली. मी पट्टा चढवला, मोटरची वायर काढली. शिवून होईपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही असं सुरेखाने ठरवलं होतं, म्हणून साडीचं कापड न कापताच दुहेरी करून सुईखाली घातलं. दिवे लागले. दीपा बसली, डोळे मिटले, पाय चालू झाले. सुरेखा शेजारी उभी राहून कापड धरत होती. मी समोर. माझी नजर सुईवर. कापडावर टाक्यांची रेघ उमटत गेली — खांदा, काख, बाजू... गळा आणि खालची बाजू मोकळी. मग दुसऱ्या अंगाने तसंच. शेवटचा टाका पडला आणि पाय थांबले. दीपा बसल्या जागी झोपली होती.

सुरेखाने रेघेबाहेरून कापून ते उलटवलं आणि हातावर ठेवलं. झबलंच होतं. पण तिचा अख्खा तळहातही झाकत नव्हतं.

"हे कोणत्या बाळाला होणार?" ती पुटपुटली.

दीपाने डोळे उघडले. झबल्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे त्याचं आहे. मला एकदाच दाखवला होता, एवढासाच होता. त्याला नुसतंच गुंडाळून नेलं, मामी. अंगात घालायला काहीच नव्हतं. कोणी काही शिवलंच नव्हतं ना."

गेल्या खेपेलाही काही न शिवण्याचा नियम सुरेखाचाच होता. ती नुसती झबल्याची घडी घालत राहिली. एवढ्याशा कपड्याची घडी ती किती घालणार...

सकाळी मी आणि महेश जांभूळला गेलो. पोराला शेताच्या बांधाकडेला दीपाच्या सासऱ्यांनी पुरलं होतं. त्यांनी झबलं दोन्ही हातांत घेतलं. "उकरायचा नाय," ते म्हणाले. "मी वरची माती सारतो, तुमी ठेवा." मी ठेवलं. माती त्यांनीच लोटली आणि तिथेच बसून राहिले. आम्ही निघालो तरी उठले नाहीत.

त्या संध्याकाळी दीपाचे पाय हलले नाहीत. नंतरही नाहीत. मॅडम म्हणाल्या, लोहाच्या गोळ्या लागू पडल्या. पडल्या असतील, मी कुठे नाही म्हणतो. दिवस भरून मुलगी झाली, छान आहे. तरी तिला पहिल्यांदा कपडा घालायची वेळ आली तेव्हा दीपाने तो सुरेखाच्या हातात दिला, तूच घाल म्हणाली. आता आमच्याकडे कोणी गरोदर बाई ब्लाउज सैल करायला आली, तर सुरेखा तिला कसलाच नियम सांगत नाही.

मी खूप विचार केला. भुतं बनवणारा माणूस मी, कारागिरी कुठे आहे ते शोधणारच. पाय दीपाचे, ठीक. पण खांद्याला वळण द्यायला कापड फिरवावं लागतं, ते हाताचं काम. म्हणजे सुरेखाने फिरवलं असणार, नकळत. तिला विचारलं. म्हणाली, मी फक्त पडू नये म्हणून कडा धरली होती, फिरवत तर दीपाच होती.

मग दीपाला विचारलं.

"माझे दोन्ही हात पोटावर होते मामा. तू समोरच उभा होतास ना?"

होतो. तिचे हात पोटावरच होते.