पेंटरचाचांचा श

धारूर तालुक्यात आजवर जितकी माणसं भर रस्त्यात उभी राहून एकटीच हसली असतील, त्यांतल्या निम्म्यांना तरी आमच्या पेंटरचाचांनी हसवलं आहे, आणि तेही तोंडातून अवाक्षर न काढता. गावातल्या यच्चयावत दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रसवंतीचे फलक आणि निवडणुकीच्या भिंती त्यांच्या ब्रशाखालून गेलेल्या. अक्षर असं गोल आणि टपोरं, की अंगठेबहाद्दर माणसानंही वाचायला शिकावं. आणि त्या देखण्या अक्षरांत, दर पाटीला एक याप्रमाणे, न चुकता एक चूक. हातून झालेली नव्हे, मुद्दाम घातलेली. दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर त्यांनी ‘दादांचा दवाखाना’ असं रंगवलं, तेव्हा डॉक्टर तणतणत आले. चाचा शांतपणे ब्रश पुसत म्हणाले, “डाक्टरसाब, बराबर लिवलं तर मानूस पुढं जातो. गलती दिसली की थांबतो, हसतो, चार जनाला सांगतो. पानाला चुना लागतो का न्हाई? तशी पाटीला चूक लागती.” आठ दिवसांत पंचक्रोशीतले झाडून सगळे दादा आपली दाढ दाखवून गेले. डॉक्टरांनी पाटी पुढं कधीच बदलली नाही.

अक्षरांशी चाचांचं नातं भावकीचं होतं. ‘क्ष’ म्हणजे पाटलाचा पोरगा, बसायला ऐसपैस जागा मागणार. ‘ळ’ आळशी, दोन उशा घेऊन लोळणारा. ‘र’ला ते फार जपायचे, “गरीब हाय बिचारा, कुनी बी डोक्यावर घेतंय, कुनी बी पायाखाली.” पाटी रंगवून झाली की ती लांबून कशी दिसते हे पाहण्यासाठी ते तिच्याकडे तोंड करून उलटे चालू लागत. मागं काय आहे हे बघणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. एकदा असे चालत चालत ते थेट केळीच्या गाड्यावर जाऊन बसले. फळवाला बोंबलत होता आणि चाचा एक डोळा मिटून म्हणत होते, “इथून ब्येस दिसतंय.”

अशा माणसाच्या हाती मी आमच्या कॉलेजच्या कलामंचाची वेबसाइट दिली. का दिली, ते सांगतो. ‘झुंबड कलामंच’ आम्ही पोरापोरींनी चालवलेला. लोकनृत्य, भारूड, पथनाट्य, मिळेल ते करायचो, आणि मी त्याचा सेक्रेटरी होतो. आमची सगळी मिळकत म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक हलगी आणि दोन पेट्या घुंगरं. त्या वर्षी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, “उन्हाळ्याच्या आत जिल्ह्याबाहेरचं एक तरी आमंत्रण आणा. नाहीतर खोली क्रीडा विभागाला देणार.” म्हणजे आमच्या घुंगरांच्या जागी गोळाफेकीचे गोळे. आमच्यातल्या कित्येकांना कॉलेज म्हणजे तेवढी खोलीच होती. वर्ग कुठल्या मजल्यावर भरतात हे मलाही नीट ठाऊक नव्हतं.

आमंत्रण यायचं तर लोकांना आपण दिसायला हवं, आणि गावात तेव्हा एसटीडी बूथच्या मागं दोन कॉम्प्युटरांचं सायबर कॅफे नुकतंच निघालं होतं. आमची वेबसाइट होती, नाही असं नाही. पण तिच्यातलं मराठी फक्त त्या दोन कॉम्प्युटरांवर दिसायचं. बाहेर कुठंही उघडलं की ‘झुंबड’च्या जागी पौंडाची दोन चिन्हं, एक उलटं प्रश्नचिन्ह आणि वर टोपी घातलेला इंग्रजी ए. फॉन्टची भानगड, असं कॅफेवाला म्हणे. पुण्याच्या एका लोककला महोत्सवाला मी पत्र लिहून पत्ता कळवला, तर त्यांचं उत्तर आलं की वेबसाइट पाहिली, पण आपण कोणत्या भाषेत काम करता?

हे रडगाणं मी चाचांना ऐकवलं. ते म्हणाले, “मशिनीला मराठी येत न्हाई तर तिला कावून लिवायला लावता? मी पाटी रंगवतो. तिचा फोटू टाका आत.” मी हसलो. मग घरी जाऊन विचार केला आणि हसू ओसरलं. अक्षरांचं चित्रच चढवलं तर फॉन्ट हवाच कशाला? तालुक्यातल्या कॉम्प्युटर शिकलेल्या एकाही माणसाला हे सुचलं नव्हतं.

चाचा आधी जागेची पाहणी करायला कॅफेत आले. कॉम्प्युटरच्या पडद्याची वितीनं लांबी-रुंदी घेतली, आणि जुनं पान बघता बघता उलटे चालू लागले. दारातून बाहेर, पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून, पलीकडच्या पिठाच्या गिरणीपाशी. तिथून ओरडले, “सेक्रेटरी! काय बी दिसत न्हाई बे!” वेबसाइट नाकासमोर धरून वाचतात, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. गिरणीवरून वाचता येईल एवढं अक्षर काढायचं ठरलं, त्यामुळं साऱ्या वेबसाइटवर चारच ओळी मावल्या. झुंबड कलामंच, धारूर. लोकनृत्य. भारूड, पथनाट्य. आणि तळाला, त्यांच्या प्रत्येक पाटीवर असतो तसा, शेजारच्या सायकल दुकानाचा फोन नंबर, कारण चाचांना निरोप तिथंच मिळायचा.

‘पान बदलतोय, पुन्हा पाहा’ असं पुण्याला कळवून मी परीक्षेला बसलो, त्यामुळं रंगवलेली पाटी मला बघता आली नाही. चाचांनीच पाटीचा फोटो काढवून घेतला, तो घेऊन अंबाजोगाईला जावयाकडं गेले आणि जावयानं आपल्या कॉम्प्युटरवरून तो चढवून दिला. मी कॅफेत पान उघडलं. चित्र वरून एकेक बोट खाली सरकत येऊ लागलं. आधी निळं आभाळ आलं, मग डाव्या कोपऱ्यात पाटीमागून डोकावणाऱ्या शेळीचे दोन कान, मग दिमाखात ‘झुंबड कलामंच, धारूर’. तेवढ्यात लाइन गेली. पुढचे चार दिवस रोज तेच. शेळीचे कान आणि पहिली ओळ यापलीकडं धारूरच्या टेलिफोन लाइनची मजल गेली नाही.

पाचव्या दिवशी चाचा कॉलेजच्या फाटकाशी उभे. “पुन्याहून बाईंचा फोन आलता. बोलावलंय तुमाला. महोत्सवात.” मी त्यांना मिठीच मारली. ते पुढं म्हणाले, “इचारत होत्या, ते शोकनृत्य म्हंजी काय असतंय.”

“काय नृत्य?”

“शोकनृत्य. दुसऱ्या ओळीत न्हाई का, ‘ल’च्या जागी ‘श’ घातलाय. लई बारीक चूक हाय, पन बाई बराबर थांबल्या.”

मी मिठी सोडली. “चाचा! तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

“सांगितलं, लई दुर्मिळ हाय. धारूरच्या किल्ल्यापलीकडं कुनाला येत न्हाई. त्या म्हनल्या, मग तेच आना. शेळीचे कान तुमचं चिन्ह हाय का, ते बी इचारलं. हो म्हनलं.”

“अहो, पण असलं नृत्यच नाही आपल्याकडं!”

“न्हाई तर बसवा की. पंधरा दिस हायत. रडता कावून?”

त्या रात्री मला खरंच रडू आलं. खरं सांगितलं तर आमंत्रण जाणार, आणि आमंत्रण गेलं तर खोली जाणार. खोटं नाचलो तर पुण्यात अब्रू जाणार. दुसऱ्या दिवशी खोलीत सगळे सुतकी चेहऱ्यानं बसलो असताना चाचाच आले. “पोरांनो, धारूरच्या मानसाला सगळ्यात मोठा शोक कंचा? डोळ्यांदेखत एसटी जाती तो. तेच नाचा.”

तेच नाचलो. हलगीच्या ठेक्यावर गठुडी, पिशव्या, एक पाळणा, एक कोंबडी आणि नवी चप्पल हातात घेतलेली नवरी, सगळे एसटीमागं धावतात. एसटी धूळ उडवून निघून जाते आणि पंधरा जण कपाळावर हात मारत गोल फिरतात. पुण्याचं सभागृह आधी गंभीर होतं, मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि शेवटी तर लोक डोळे पुसत उभे राहिले. एक चष्मेवाले अभ्यासक मंचावर आले आणि ही परंपरा किती जुनी आहे, असं त्यांनी विचारलं. मी माइक हातात घेतला. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, “लई जुनी हाय साहेब. एसटी आल्यापासून!” मंचावर टांगलेला आमचा फलक लांबून कसा दिसतो ते पाहत पाहत चाचा सभागृहाच्या बाहेर पोचले होते.

खोली वाचली. प्राचार्यांनी तिला नवं कुलूपही दिलं. मी पुढं नोकरीसाठी पुण्यालाच गेलो आणि गावी जाणं दिवाळीपुरतं उरलं. दरम्यान धारूरला फ्लेक्स छापायचं यंत्र आलं, आणि चाचांच्या हातचं काम सुटत गेलं. एका दिवाळीत भेटले तेव्हा रिकाम्या डब्यांशेजारी बसले होते. “छपाई झकास हाय,” म्हणाले, “पन एक बी गलती न्हाई बघ. कोन थांबल?” मी हसून विषय बदलला. बदलायला नको होता, असं आता वाटतं.

यंदा गावात उतरलो तर चौकात भला मोठा फ्लेक्स. त्यावर चाचांचा फोटो, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली ‘पेंटरचाचा’, आणि तळाच्या पांढऱ्या पट्टीवर ‘शोकाकुल: समस्त मित्रपरिवार’. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जिथल्या तिथं. मी अर्धा तास समोर उभा होतो. भाजीच्या पिशव्या, सायकली, शाळेची पोरं, सगळं खालून वाहत गेलं. एकानंही मान वर केली नाही.

मी शेजारच्या दुकानातून कोरा कागद, मार्कर आणि डिंक घेतला. कागदावर एक ‘ल’ काढला. चाचांच्या वळणाचा काही साधला नाही. टाचा उंचावून तो ‘शोकाकुल’मधल्या ‘शो’च्या ‘श’वर नीट चिकटवला आणि उलटं चालत रस्त्याच्या पलीकडं गेलो. मागं बघितलं नाही.

दोनच मिनिटांत एक सायकलवाला थांबला. ओठ हलवत वाचलं, खुदकन हसला आणि मित्राला हाक मारली, “आरं, हे बघ बे, लोकाकुल लिवलंय!” मित्र आला, आणखी दोघं आले. हसता हसता त्यांची नजर वर गेली. सायकलवाल्यानं हळूच डोक्यावरची टोपी काढली.

“आरं... पेंटरचाचा गेले?”