चाळणीत काहीच नाही

अख्खी गल्ली तिला वहिनी म्हणायची, वयाने मोठी माणसंसुद्धा. नवरा गेल्यावर चार घरची धुणीभांडी करून तिने सासूबाईंना सांभाळलं. पुढे गल्लीच्या तोंडाशी जुन्या वस्तीचा शोध घेणारं खोदकाम निघालं, तिथे ती माती चाळायला लागली. खड्ड्यातून घमेलं वर आलं की चाळणीत ओतायचं, खडे फेकायचे, जुनं काही दिसलं तर खोदकामाच्या प्रमुख मॅडमपुढे ठेवायचं.

गल्लीला मात्र धडकी भरली होती. रस्त्यापलीकडे अशीच जुनी भिंत सापडली आणि वरची घरं उठवली. आता तिथे कुंपण आहे आणि आत रान माजलंय. "काही सापडलं की आपण रस्त्यावर," जो तो म्हणे. मॅडमनाच विचारावं, हे त्या शहाण्यांच्या गल्लीत एकालाही सुचलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना घेऊन जायचं कुठे, या विचाराने वहिनीला घास गोड लागत नव्हता.

आणि एका दुपारी चाळणीत निळ्या नक्षीचं खापर आलं. पाठोपाठ दगडी मणी. वहिनीने मान वर करून पाहिलं. मॅडम पाठमोऱ्या होत्या. तिने दोन्ही वस्तू खड्यांबरोबर ढिगात भिरकावल्या. पुढे जे जे आलं, त्याचीही तीच गत केली. अडाणी म्हणून तिला हसू नका; तिच्या जागी तुम्हीआम्ही तरी काय वेगळे दिवे लावले असते?

खोदकाम गुंडाळलं त्या दिवशी मॅडम तिच्या शेजारी येऊन बसल्या. चेहरा पार उतरलेला.

"काहीच निघालं नाही हो, वहिनी. आता गल्लीवर टपलेल्या बिल्डरला रान मोकळं. गल्ली पाडून टॉवर बांधणार."

"पण निघालं तरच पाडतात ना?"

"कोणी सांगितलं? पलीकडे भिंत नेमकी घरांखाली होती. इथे घरांबाहेर चार खापरं जरी मिळाली असती, तरी आसपास टॉवरला बंदी आणून मी पाडकाम अडवलं असतं. त्यासाठीच तर जिवाचं रान करत होते."

वहिनी उठून ढिगाकडे धावली. ढीग कालच ट्रकने कुठेतरी भराव घालायला गेला होता. तिने रिकाम्या जमिनीवर हात फिरवला, आणि मग घरी गेली.

"काही निघालं का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"सुटलो बाई! आता इथेच डोळे मिटेन, सुखाने." म्हातारीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि कूस वळवली. किती दिवसांनी तिला गाढ झोप लागली. वहिनी उशाशी बसून राहिली.